मागच्या दाराचा भोंगा

माझी बायको तौहिदा गेल्या रमजाननंतर वारली, म्हणून मला आता शहाताबद्दल बोलता येतं. ती असती तर माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नसता, कारण शहाताने मला तलाकची शपथ घालून ठेवली होती. मी बोललो, की तौहिदा मला परकी. आमच्याकडे भाजीवाल्याशी भांडतानाही लोक ही शपथ घेतात आणि संध्याकाळी शेखकडे जाऊन सोडवून आणतात. मी मात्र ती खरी धरली. तौहिदाला वास लागला होता, की माझ्या पोटात काहीतरी आहे. "सांगा की," ती म्हणायची. मी म्हणायचो, "सांगितलं तर तू माझी बायको राहणार नाहीस." त्यावर ती म्हणायची, "मग तर लवकर सांगा!" अशी होती ती. आता शपथही तिच्याबरोबर गेली.

दमनहूरला रेल्वे फाटकापलीकडे वर्कशॉपची गल्ली आहे. तिथे मी गाड्यांच्या सीटा शिवतो, आणि माझ्या भिंतीला लागून शहाताचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक लाकडी टेबल आणि भिंतभर लटकलेल्या वायरी. तो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. पूर्वी डायनॅमो, दिवे, हॉर्न अशी सगळीच कामं करायचा. पण कैरोत लोक सरकारविरुद्ध चौकात बसले आणि आमच्याकडचे पोलीस चौकी सोडून घरी जाऊन झोपले, त्यानंतर त्याच्याकडे चोरांसाठीचे भोंगे बसवण्याशिवाय दुसरं काम उरलं नाही. माणूस गाडी उभी करून पाव आणायला जाई आणि पाव घेऊन आला की गाडी जागेवर नसे. सगळं दमनहूर शहाताच्या दारात उभं असायचं. मी त्याला म्हणायचो, "चोरांना दुवा दे रे, तुझी चूल तेच पेटवतात." तो हसायचा, पण बऱ्याच वेळाने, मी दुसरंच काही बोलायला लागल्यावर.

शहाता म्हणजे भीक मागून आणलेला. ज्या बाईची पोरं जगत नाहीत ती आमच्याकडे असं नाव ठेवते, म्हणजे नजर लावणाऱ्यांना कळावं की हे पोर मागून आणलेलं आहे, हेवा करावा असं त्यात काही नाही. त्याची आई हज्जा नबविया हिची शहाताच्या आधीची सगळी पोरं पाळण्यात गेली. शहाताच्या वेळी ती दारोदार फिरली, प्रत्येक घरातून कापडाचा तुकडा मागून आणला, ते जोडून पोराला अंगडं शिवलं आणि पुढे बराच काळ त्याला मुलीचे कपडे घालून वाढवलं. पोर जगलं. आता सांगा, नजरेवरचा तिचा विश्वास कोण हलवणार होतं? मग धाकटा अब्दुलबारी झाला, तो गोरा आणि गुटगुटीत. त्याच्यासाठी तर ती कायमच जीव मुठीत धरून असायची.

हा अब्दुलबारी लिबियात बांधकामावर राबला आणि परत येताना पैसे आणि दाढी दोन्ही घेऊन आला. ताईत, निळा मणी, दारावरचा पंजा, सगळं त्याच्या लेखी पाप झालं. ज्याचा अल्लाहवर भरवसा नाही तोच असली खेळणी टांगतो, असं तो म्हणायचा. घरातली होती नव्हती ती सगळी त्याने खिळ्यांसकट उपटून कालव्यात टाकली. हज्जा काही बोलली नाही. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा त्याचा समज झाला. गप्प बसलेली म्हातारी काय करत असते, हे दाढी वाढवून कळत नाही.

लिबियातली सगळी कमाई घालून आणि आईच्या बांगड्या मोडून अब्दुलबारीने मायक्रोबस घेतली. पांढरी, वापरलेली, पण इंजिन खणखणीत. ती त्याने सरळ भावाच्या शटरसमोर आणून लावली.

"काय उस्ताद, पैसे घेणार असशील तर आत्ताच सांग, दुसरीकडे जातो," अब्दुलबारी म्हणाला.

"जा की. तिथे खालचा माल लावतील, मग रडत इथेच येशील."

"आणि इथे रडलो तर?"

"इथे फुकट रडता येतं."

दोघांत तसं प्रेम फार होतं. लहानपणी अब्दुलबारीला खांद्यावर बसवून कालव्यावर न्यायचा तो शहाताच, आणि लिबियातून पहिला फोन आला तोही शहाताच्याच दुकानात.

त्या गाडीला शहाताने अख्खा दिवस दिला. गाडीच्या दारात मुळात बटणं असतात, दार उघडलं की आतला दिवा लावणारी. आळशी माणूस त्यांनाच भोंगा जोडून मोकळा होतो. पण आमच्या दमट हवेत ती बटणं गंजतात, धुळीने अडकून बसतात. शहाता ती काढून फेकायचा आणि चुंबकी स्विच बसवायचा. काचेची बारीक नळी, तिच्यात दोन पातळ पत्र्या. नळी चौकटीत, चुंबक दारावर. दार बंद असेपर्यंत चुंबक त्या पत्र्या एकमेकींना चिकटवून ठेवतो. दार उघडून चुंबक लांब गेला, की पत्र्या सुटतात, भोंगा बोंबलतो आणि त्याबरोबर स्टार्टरचा करंटही तुटतो. मग कुणी कितीही वायरी जोडो, गाडी चालू होत नाही. नळी थेट लोखंडावर बसवली तर लोखंडच चुंबकाचा जोर खातं, म्हणून तो खाली जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा घालायचा. मागचं दार वर उचललं जातं, तिथली वायर रोज वाकणार, म्हणून बिजागरीपाशी तिला सैल वळसा ठेवायचा.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "ताणलेली वायर आणि ताणलेली बायको, कधी तुटेल सांगता येत नाही."

तो वायर सोलत राहिला. चहा संपल्यावर हसला.

मागच्या दाराची नळी त्याने चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बसवली आणि तिच्यावरून मी रेक्झिनची पट्टी शिवून दिली. आत काय आहे हे बाहेरून कळलं नसतं. मग शहाताची ती नेहमीची पद्धत. काम झालं की तो दूर जाऊन उभा राहायचा आणि दारं मालकाला उघडायला लावायचा. "मी उघडलं तर म्हणशील याला युक्ती माहीत आहे," असं म्हणायचा. अब्दुलबारीने एकेक दार उघडलं. प्रत्येक दाराला गल्ली दणाणली. मागचं दार तर त्याने मजा म्हणून पुन्हा पुन्हा उघडलं, इतकं की समोरचा वेल्डर शिव्या घालत बाहेर आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हज्जा नबविया माझ्या दुकानात आली. तिला सीट शिवायचा जाड दोरा हवा होता. मी काळा देऊ केला, तर म्हणाली, हिरवाच दे. मी हातभर तोडून दिला. "काय शिवताय हज्जा, जहाजाचं शीड?" असं मी विचारलं, तर तिने माझ्या तोंडासमोर हात हलवला आणि गेली.

मायक्रोबस चोरीला गेली ती शुक्रवारी, जुम्याच्या नमाजाच्या वेळी. ही चोरांची आवडती वेळ, सगळे पुरुष मशिदीत असतात. अब्दुलबारीने गाडी घरासमोर लावली होती, आणि मशीद गल्लीच्या टोकालाच. भोंगा वाजला असता तर इमामसाहेबांनाही थांबावं लागलं असतं. नमाज संपवून तो बाहेर आला तेव्हा गाडीच्या जागी तेलाचे डाग होते. समोरच्या खिडकीतल्या म्हातारीने सगळं पाहिलं होतं. दोघं आले, मागचं दार उचकटून वर केलं, आतूनच पुढे गेले आणि गाडी घेऊन गेले. "मला वाटलं अब्दुलबारीचीच माणसं," ती म्हणाली. "भोंगा कुठे वाजला?"

अब्दुलबारी तडक शहाताच्या दुकानात आला. मी मधल्या दारात उभा होतो.

"मागचं दार उघडलं आणि भोंगा वाजला नाही," तो म्हणाला. "का?"

"माहीत नाही मला," शहाता म्हणाला.

"बसवला कुणी?"

"मी. आणि तपासला तू, तुझ्या हाताने."

"तेच म्हणतोय मी! माझ्या हाताने उघडलं तेव्हा वाजला, चोराच्या हाताने उघडलं तेव्हा नाही. मागच्या दारात कुठे काय आहे, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

"मला होतं," मी मध्ये बोललो. "पट्टी मी शिवली. धर मलाही."

"तू गप्प बस, रुश्दी. तू आमच्या घरातला नाहीस." मग तो भावाकडे वळला. त्याचा आवाज फुटला. "मी लिबियात उन्हात भाजलो शहाता. अम्माच्या हातातलं काढून घेतलं मी. कुणाला विकलंस तू मला?"

शहाताच्या तोंडचं पाणी पळालं. तो एवढंच म्हणाला, "अब्दुलबारी, मी तुला?" अब्दुलबारी थुंकला आणि निघून गेला.

भोंगे बसवणाऱ्यावर एकदा संशय आला की तो माणूस संपला. लोक तोंडावर काही बोलत नाहीत. सलाम करतात, चहा विचारतात आणि गाडी पुढच्या गल्लीत हिलमीकडे नेतात. शहाताचं शटर उघडं असायचं आणि तो टेबलाशी बसून त्याच मागच्या दाराचा हिशेब मनात मांडत बसायचा. सोल्डर सुटलं असेल का, नळीला तडा गेला असेल का, वळसा कमी पडला असेल का. मी म्हणायचो, "सोड आता," तर तो माझ्याकडे मला ऐकूच आलं नाही अशा नजरेने बघायचा. माझा जीव तुटायचा, आणि रागही यायचा. एक दिवस तो आईला भेटायला गेला. ती धाकट्याकडेच राहायची. अब्दुलबारी घरी नसताना गेला, मुद्दाम. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"अम्मा म्हणाली, मी माझ्या बाजूने सगळं केलं होतं रे. तुझ्याकडे एवढं एकच काम होतं."

"तिने काय केलं होतं?" मी विचारलं.

"दुवा केली असेल," तो म्हणाला.

गाडीचा सांगाडा मिळाला तो बऱ्याच काळाने, कालव्याकाठच्या वेताच्या बेटात. इंजिन, चाकं, सीटा, सगळं ओरबाडून नेलेलं. अब्दुलबारी तोवर दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने चालवायला लागला होता. त्याने सांगाडा भंगारवाल्याला देऊन टाकला, आणि भंगारवाल्याने तो आमच्याच गल्लीत ओढत आणला. मला म्हणाला, "रेक्झिन काही कामाचं असेल तर काढून घे." मी मागच्या चौकटीवरची पट्टी उसवायला लागलो. माझाच टाका होता, पण कोपऱ्यापाशी कुणीतरी तो उसवून पुन्हा घातलेला होता, हाताने, मोठा मोठा. पट्टी निघाली आणि माझ्या बोटांना काहीतरी लागलं.

निळा पंजा होता. तळहातात मावेल एवढा, मध्ये डोळा, पाठीला जाड काळं चुंबक. तंटा शहरात सय्यद बदवींच्या जत्रेत असले पंजे जोडीने विकतात. त्याला मीठ आणि काळ्या जिऱ्याची एक चिमुकली पुरचुंडी बांधलेली होती, माझ्याच दुकानातल्या हिरव्या दोऱ्याने. आणि हे सगळं शहाताच्या नळीला खेटून चिकटलेलं होतं.

मी शहाताला हाक मारली. त्याने पंजा बघितला, मग बॅटरी आणि छोटा दिवा आणून नळीच्या वायरींना जोडला. मागचं दार सताड उघडं होतं, तरी दिवा लागला. नळीला वाटत होतं दार बंद आहे. त्याने पंजा काढला, दिवा विझला. पुन्हा लावला, दिवा लागला. असं तो करतच राहिला, शेवटी मीच त्याचा हात धरला.

"सुटलास!" मी ओरडलो. "अरे सुटलास तू! चल आत्ताच्या आत्ता, अब्दुलबारीच्या नाकावर मारू हा पंजा."

तो जमिनीवर, तेलात, तसाच बसला.

"हे अम्माचं आहे," तो म्हणाला.

"दिसतंय मला. मग?"

"पुढे लावला असता तर त्याने फेकून दिला असता. म्हणून इथे लपवला तिने. त्याला नजर लागू नये म्हणून, रुश्दी." तो रडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. "तिला काय सांगू? तुझ्याच हाताने पोराचा संसार बुडवलास म्हणून सांगू? ती पोरं गेली तेव्हा लोक तिलाच म्हणायचे, तुझ्यातच काहीतरी आहे. मी जगलो म्हणून ती माणसांत आली. तिच्या हाताला यश आहे, यावर ती जगते आहे रे."

"आणि तू कशावर जगणार?"

त्याने पंजा मुठीत मिटला. मी तावातावाने म्हणालो, की तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, चौकात उभा राहून सांगेन. तेव्हा तो उठला, त्याने माझी गळपट्टी धरली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि माझ्याकडून ती शपथ वदवून घेतली. पंजा त्याने खिशात घातला आणि जाता जाता कालव्यात टाकला.

दिवस गेले. अब्दुलबारीच्या मेव्हण्यांनी हातभार लावला आणि त्याने दुसरी मायक्रोबस उभी केली, करड्या रंगाची. भोंगा हिलमीने बसवला. हिलमी शहाताचं बघूनच शिकलेला, त्यामुळे तेच चुंबकी स्विच, त्याच कोपऱ्यात नळ्या, वर तशीच रेक्झिनची पट्टी. शहाता ती गाडी लांबून बघायचा. गाडीबद्दल एकदाही बोलला नाही, पण ती गल्लीच्या तोंडावरून गेली की त्याचे हात थांबायचे.

आणि एका सकाळी हज्जा नबविया माझ्या दारात.

"रुश्दी, तो हिरवा दोरा दे रे बाबा."

मी खिळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. "संपला हज्जा."

"तो काय खिळ्याला टांगलाय! डोळे गेले नाहीत माझे अजून."

"कशाला हवाय?"

तिने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. "अब्दुलबारीला बोलू नकोस. जोडीतला दुसरा उरलाय. मागच्या वेळी चांगला लपवला होता, कुणाची नजर पोचली नसती अशा ठिकाणी. आता परत तिथेच लावते."

"पुढे लावा ना," मी म्हणालो. "आरशाला टांगा, शोभेल."

"म्हणजे तो फेकून देईल. शहाणाच आहेस! दे दोरा."

"घरात ठेवा मग. उशाखाली ठेवा."

"चोर उशीतून येतो का रे?" असं म्हणून तिने स्वतःच खिळ्यावरून दोरा काढला, दाताने तोडला आणि गेली. मी तोंडाला कुलूप लावून बघत राहिलो. तौहिदा घरी बिचारी मुलुखियाची भाजी चिरत असेल, आणि तिचा संसार माझ्या जिभेवर टांगलेला.

मी जाऊन शहाताला सांगितलं. मी म्हटलं, हिलमीच्या कानावर घालू. तो म्हणाला, हिलमीला सांगणं म्हणजे बाजारात कर्णा लावणं, संध्याकाळपर्यंत अम्माला कळेल. मी म्हटलं, मग जाऊ दे, तुला कुत्र्यासारखं हाकललं त्याने, त्याची गाडी त्याला लखलाभ. तेव्हा शहाता म्हणाला, "परत गेली तर तो मरेल." आणि मग, "काढणार नाही मी पंजा. वीतभर सरकवतो फक्त. अम्माचं अम्मापाशी राहील आणि भोंग्याचं भोंग्यापाशी."

शुक्रवारी गेलो आम्ही, जुम्याला गाडी घरासमोर असायची तेव्हा. दुसरी कुठली वेळ होती? इतर वेळी गाडी रस्त्यावर धावत असायची, रात्री साखळी घालून मेव्हण्याच्या कोठारात. मशिदीत खुतबा, म्हणजे इमामसाहेबांचं प्रवचन, चालू झाला, गल्ली ओस पडली. हज्जाही वर नमाजाला बसली असणार. मी जुमा बुडवून कोपऱ्यावर उभा राहिलो. शहाताने मागच्या दाराच्या फटीत चपटी सळई घातली आणि कुलूप उचकटलं. दार वर गेलं.

भोंगा वाजला नाही. इतके दिवस त्याच्या डोक्यावर जो आळ होता तो खोटा असल्याचा पुरावा तिथे उघडा पडला होता, आणि बघायला मी एकटा.

त्याने नळीवरच्या रेक्झिनच्या पट्टीखाली हात घातला. पंजा चांगला घट्ट बसला होता, सरकेना. त्याने जोर लावला, तसा तो एकदम निघून हातात आला. दार उघडं आणि पंजा निघालेला. भोंगा बोंबलायला लागला.

हे त्याला कळायला हवं होतं. त्या नळीचं सगळं त्याला माहीत होतं. पण आधीच्या शांततेने तो इतका हादरला असावा, की आधी दार खाली करावं हे त्याला सुचलंच नाही. मी "पळ!" म्हणून ओरडलो. तो पळाला नाही. पंजा परत पट्टीखाली लावायला लागला.

अख्खी मशीद बाहेर आली. अनवाणी, काही जणांच्या हातात चपला. अब्दुलबारी सगळ्यांच्या पुढे होता. त्याने भावाला पाहिलं आणि जागच्या जागी उभा राहिला. मारेल असं मला वाटलं. त्याने मारलं नाही. खिशातून रिमोट काढून त्याने भोंगा बंद केला, आणि त्या शांततेत हज्जा जिन्यावरून उतरत आल्याचा आवाज आला.

ती गर्दीतून पुढे आली. शहाताच्या हातातला पंजा तिने पाहिला. पुरचुंडी फाटली होती, त्याच्या बोटांवर मीठ होतं.

"ते माझं आहे," ती म्हणाली. अब्दुलबारीकडे वळून म्हणाली, "रागव तू मला. मीच लावलं होतं. मागच्या गाडीलाही लावलं होतं." मग तिने शहाताच्या तोंडाकडे पाहिलं, फार वेळ, आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आत्ता कळलं मला. तू मागच्या वेळीही काढलास ना रे? म्हणूनच गेली ना ती गाडी?"

मी पुढे झालो. खरंच झालो होतो. शहाताने माझ्याकडे एकदा पाहिलं. तौहिदाचं नाव त्याने तोंडाने घेतलं नाही, पण मला ते ऐकू आलं. मी तिथेच थांबलो.

त्याने नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न येणारच होता, की पंजा जागेवर होता तर मग भोंगा का वाजला नाही. तो प्रश्न त्याने येऊ दिला नाही.

"हो, अम्मा," तो म्हणाला.

हज्जाने त्याच्या हातातून पंजा काढून घेतला, ओढणीने पुसला आणि त्याला म्हणाली, "मी तुला भीक मागून आणला होता." एवढंच म्हणाली. लोकांनी त्याला चौकीत न्यायचं ठरवलं, अब्दुलबारीने नको म्हटलं. "तो जाऊ दे," म्हणाला. "पण माझ्या आईच्या दारात पुन्हा दिसता कामा नये." शहाता चालत गेला. गर्दीने त्याला वाट दिली.

त्या दिवसापासून आमच्या भागात त्या पंजाचा बोलबाला झाला. चोराने हात लावला आणि पंजाने आरडाओरडा केला, असं लोक सांगायला लागले. हिलमीकडे गिऱ्हाइकं पंजे घेऊन जायची. आणि अब्दुलबारी, ज्याने घरातले मणी कालव्यात टाकले होते, त्याने आईच्या हातून पंजा घेतला आणि स्वतः जिथल्या तिथे लावला, नळीला खेटून. हज्जा गेल्या वर्षी गेली. मरताना तिने मोठ्याचं नाव काढलं नाही. त्याला कुणी कळवलंही नाही. कळवलं मी, दफन होऊन गेल्यावर.

तौहिदाचे दिवस झाले आणि मी अब्दुलबारीकडे गेलो. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. सगळं सांगितलं, पट्टी, दोरा, दिवा, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेलेल्या बाईवर आळ घेतोस, रुश्दी?"

"खाली चल. मागचं दार उघड आणि बघ वाजतं का."

"त्या दाराला कुणी हात लावायचा नाही. अम्माचं आहे ते." त्याचे डोळे भरून आले होते, आणि तोही खोटं बोलत नव्हता. "शहाताने सगळ्या मशिदीसमोर स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं. त्याचं ऐकू की तुझं?"

शहाता अलेक्झांड्रियाला असतो. बंदराच्या बाजूला एका दुकानात पंखे दुरुस्त करतो, गाड्यांना हात लावत नाही. मी गेलो की पाव आणि फूल, म्हणजे आमच्याकडची शेंगदाण्यांची उसळ असते तशी घेवड्याची उसळ, मागवतो, पैसे मला देऊ देत नाही. निघताना मला बस थांब्यापर्यंत सोडायला येतो आणि दर वेळी तेच विचारतो.

"त्याचं मागचं दार वाजतं ना, रुश्दी?"

"वाजतं," मी म्हणतो.